टेकडीवर झाडं लावायची? आधी मे महिन्यातल्या पाण्याचा हिशोब करा

शंभर रोपांना दर दहा दिवसांनी दहा-दहा लिटर दिलं तरी एका पाळीला हजार लिटर लागतात. नाशिकला नोव्हेंबरच्या मध्यापासून जूनपर्यंत अशा वीस पाळ्या होतात. टँकर पायथ्याशीच थांबतो. तिथून वीस लिटरचे पन्नास कॅन माणसांनीच वर न्यायचे. सोसायटीकडे किंवा मंडळाकडे तेवढे हात नसतील तर तीसच लावा. जागा वनखात्याची किंवा मनपाची असेल तर परवानगी लेखी घ्या.

खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्या, दोन फूट लांब, रुंद आणि खोल. इथल्या टेकड्यांवर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. जूनमध्ये घाईने खणलेला खड्डा फूटभरच होतो आणि मुळं मुरमाला अडून गोल फिरत राहतात. वरची माती बाजूला काढून ठेवा. भरताना तीच, सोबत दोन घमेली शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं, कच्चं असेल तर वाळवी हमखास येते.

पहिल्या सरीला लावायची घाई नको. खड्ड्यातली माती बसू द्या, जुलैत लावा. पिशवी ब्लेडने उभी कापा, तळाशी गुंडाळलेली मुळं छाटा, पण मातीचा गोळा फुटू देऊ नका. खोड पिशवीत जिथवर मातीत होतं तिथवरच पुरा. जास्त पुरलं तर सालीला कूज लागते. उताराच्या खालच्या बाजूने अर्धगोल बांध घाला. सावली मिळायला वर्षं जातात, पण हा बांध पहिल्याच पावसाळ्यात माती अडवतो. नाहीतर ती नासर्डी-वाघाडी नद्यांतून गोदावरीत जाते.

मुरमाड उतारावर खैर, पळस, आपटा, बहावा, कडुनिंब चालतात. ओहोळाकाठी अर्जुन, करंज, जांभूळ. गुलमोहर भराभर वाढतो खरा, पण वादळात फांद्या टाकतो. येवल्याकडच्या माळरानावर मात्र झाडं लावूच नका, ते गवत काळविटांचं आहे.

रोपं पाण्यावाचून मरतात तशी वणव्यातही जातात. ऑक्टोबरमध्ये रोपाभोवतीचं तीन फुटांतलं गवत काढा आणि फेब्रुवारीआधी लागवडीभोवती दहा फुटी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा बिनगवताचा पट्टा, साफ करा. आच्छादनाला पालापाचोळा नको, तोच पेटतो; तळहाताएवढे दगड रचा, ओलही टिकते. शेळ्या अडवायला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण पुरतं, दरवर्षी नवं करावं लागतं इतकंच.

पुढच्या जुलैत मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरा, त्याच खड्ड्यात, पण आधी माती उकरून वाळवी आहे का ते बघून.