मृगाच्या पहिल्या सरीला वेल लावताय? या चुका टाळा

सात-आठ जूनला मृग लागतो, एखादी सर पडते आणि त्याच संध्याकाळी नर्सरीतून मधुमालती, जाई-जुई, कृष्णकमळाच्या पिशव्या घरी येतात. दुसऱ्या दिवशी लागवड उरकते. मराठवाड्यात सगळ्यात जास्त वेल याच घाईत जातात, आणि दरवर्षी जातात.

आपली काळी माती एका सरीने चार बोटं भिजते, खाली उन्हाळ्याची धग तशीच राहते. आठ-दहा दिवस उघडीप पडली की खड्ड्याच्या कडेने भेग जाते आणि नवी पांढरी मुळं त्यात तुटतात. पानं मलूल झाली म्हणून रोज बादली ओतली जाते. पुढे आर्द्रा-पुनर्वसूत खरा पाऊस आला की तोच खड्डा रांजण होतो. ओल्या मातीत खणलेल्या त्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत असतात, पाणी मुरायला वाटच नसते. खालची पानं पिवळी पडतात, 'पाणी कमी पडतंय' म्हणून पुन्हा पाणी. उपटून पाहावं तर मुळं काळी, आणि चिमटीत धरली की साल सुटून येते.

म्हणून खड्डा मे महिन्यात, कोरड्या मातीत घ्या. दीड फूट लांब, रुंद, खोल. पंधरा दिवस तापू द्या. भरताना एक भाग तीच माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग मुरूम. मुरूम टाळू नका, भारी जमिनीत तोच वेल वाचवतो.

लागवड जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. तारखेपेक्षा वाफसा बघा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी आहे ना ते. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबा आणि गोळा कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर लावा. हाताला चिकटला किंवा पडून तसाच राहिला तर दोन दिवस थांबा. रोप तीन-चार बोटं उंचवट्यावर बसवा. नंतर पावसाने खंड दिलाच, तर तिसऱ्या दिवशी चार-पाच लिटर पाणी पुरतं.

ही वेळ हुकली तर सप्टेंबरअखेर ते मध्य ऑक्टोबर. दिवाळीनंतर मात्र नको. परभणीकडची थंडी मुळं धरू देत नाही आणि कोवळ्या मुळांवरच मार्चचं ऊन येतं. बोगनवेल तेवढी अपवाद. तिला साचलेलं पाणीच मारतं, त्यामुळे पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीतही लावा.

ताजं शेण खड्ड्यात घालू नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

भिंतीला खेटून लावू नका, दीड फूट सोडा. बांधकामाचा मलबा आधी उचला. आपली जमीन मुळातच चुनखडीची, त्यात सिमेंट-चुन्याची भर पडली की जुईची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. ही लोहाची कमतरता, शेणखत वाढवून ती जात नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडं लिंबू पिळून संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा.

आधार लागवडीच्या आधी उभा करा, मागून ठोकताना मुळं दुखावतात. पश्चिमेच्या भिंतीवर उघडा लोखंडी पाइप नको. एप्रिलमध्ये तो इतका तापतो की टेकलेला शेंडा करपतो. पाइपला काथ्या गुंडाळा, किंवा सरळ बांबू वापरा.