लेझरने ड्रोन पाडायचे आहेत? मग आधी या चुका टाळा

13 एप्रिल 2025 रोजी डीआरडीओने आंध्र प्रदेशातल्या कर्नूलच्या चाचणी क्षेत्रात 30 किलोवॉटचं लेझर शस्त्र यशस्वीपणे चालवून दाखवलं. हैदराबादच्या ‘चेस’ प्रयोगशाळेचं हे काम अभिमान वाटावा असंच आहे. पण तेव्हापासून वास्को-मुरगावकडे एक बोलणं सारखं कानावर येतं: असं एक यंत्र दाबोळीला ‘आयएनएस हंसा’ या नौदलाच्या हवाई तळापाशी बसवलं, दुसरं बंदरावर ठेवलं, की ड्रोनची चिंता मिटली. गोव्याच्या किनाऱ्यावर ते इतकं सोपं नाही.

किलोवॉट मोजून थांबणं ही सगळ्यात मोठी चूक. शक्ती किती आहे यापेक्षा ती केवढ्या ठिपक्यावर पडते, हे महत्त्वाचं. 30 किलोवॉटचा किरण 5 सेंटीमीटर व्यासाच्या ठिपक्यात पडला तर दर चौरस सेंटीमीटरला साधारण 1500 वॉट मिळतात. ठिपका पसरून 10 सेंटीमीटरचा झाला की हाच आकडा 380 च्या आसपास येतो. तेवढ्या उष्णतेत ड्रोनचा पंख तापतोही, पण उडताना लागणारा वारा त्याला थंडही करत असतो. म्हणून ‘किरण लागतोय, पण ड्रोन जळत नाही’ अशी तक्रार आली तर आधी ठिपका तपासायचा. निशाणा थरथरतो का, काच स्वच्छ आहे का आणि मधली हवा कशी आहे, ते बघायचं.

आता हवेकडे वळू, कारण गोव्यात खरी गोम तिथेच आहे. कर्नूल रायलसीमेत आहे, तिथली एप्रिलची हवा कोरडी. तिथे मिळालेला पल्ला मुरगावच्या नकाशावर कंपास लावून गोल काढायला वापरू नका. हे लेझर साधारण 1 मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीवर चालतात. ही तरंगलांबी मुद्दाम निवडलेली असते, कारण हवेतली वाफ ती फारशी शोषत नाही. पण समुद्रावरून येणारे मिठाचे सूक्ष्म कण आणि धुकट दमट हवा किरण विखुरतात. शिवाय जोरदार किरण स्वतःच वाटेतली हवा तापवतो, आणि तापलेली हवा त्याला आणखी फाकवते. वारा पडलेला असेल आणि ड्रोन सरळ अंगावर येत असेल, तर हा त्रास सगळ्यात जास्त, कारण किरण हवेच्या त्याच पट्ट्यातून जात राहतो. दुपारी दाबोळीचा कातळाचा सडा तापला की त्यावरची हवा लवलवताना डोळ्यांना दिसते. तिथे किरण जमिनीवरून नेण्यापेक्षा पाण्यावरून नेणं पुष्कळदा बरं पडतं. जून ते सप्टेंबरबद्दल वेगळं काय सांगायचं? धो धो पावसात आणि खाली उतरलेल्या ढगात लेझरवर विसंबू नये.

खारं वारं काचेलाही सोडत नाही. बायणा किनाऱ्यावर संध्याकाळी कॅमेरा तासभर उघडा ठेवा आणि मग लेन्स बॅटरीच्या उजेडात तिरकी धरून बघा. बारीक पांढुरकी साय दिसेल. फोटोत ती फक्त धूसरपणा आणते. लेझरच्या खिडकीवर मात्र तीच साय उष्णता शोषते, काच एका जागी तापते आणि तडकू शकते. दमट हवेत थंड केलेल्या भागांवर दवही धरतं. म्हणून बंदिस्त कोरडी पेटी आणि रोजची साफसफाई यांचा खर्च सुरुवातीलाच धरायला हवा.

खर्चावरून आठवलं. ब्रिटनच्या ‘ड्रॅगनफायर’ लेझरचा एक मारा सुमारे 10 पौंडांत होतो असं तिथलं संरक्षण मंत्रालय सांगतं, आणि तेवढंच सगळीकडे फिरतं. पण 30 किलोवॉट प्रकाशासाठी ढोबळमानाने 100 किलोवॉट वीज लागते. उरलेली 70 किलोवॉट उष्णता बाहेर काढायला मोठी शीतकरण यंत्रणा हवी, तिचा खर्चही हिशेबात धरायला हवा.

थव्याचा हिशेबही करून ठेवा. ताशी 100 किलोमीटर वेगाचा ड्रोन सेकंदाला 28 मीटर कापतो. दमट हवेत उपयोगी पल्ला 1 किलोमीटरवर आला असं धरलं, तर हातात 36 सेकंद उरतात. एका ड्रोनला 5 सेकंद लागले तर फार तर सात पडतील, आठवा पोहोचेल. म्हणून लेझरमुळे तोफा आणि जॅमर (ड्रोनचा रेडिओ संपर्क तोडणारी यंत्रं) निकाली निघाले असं समजू नका. मे 2025 मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी एल-70, झेडयू-23 आणि शिल्का या तोफांनी मोठं काम केलं. 23 ऑगस्ट 2025 रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर डीआरडीओने दोन प्रकारची क्षेपणास्त्रं आणि लेझर एकाच यंत्रणेत जोडून चाचणी घेतली. मला हीच दिशा योग्य वाटते. ऑप्टिकल फायबरच्या तारेवर चालणाऱ्या ड्रोनपुढे जॅमर हतबल होतो, तिथे लेझर हवाच.

ड्रोनला आरसा लावला की लेझर निकामी होतो, हाही गैरसमजच. आरसा सगळा प्रकाश परतवत नाही, आणि धूळ बसली की तोच तापून करपतो.

चुकलेल्या किरणाचा विचार मात्र गंभीरपणे करायला हवा. तो गोळीसारखा खाली पडत नाही, पुढे जातच राहतो. डोळ्यांना दिसत नाही, तरी डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचतो, आणि ड्रोनवरून परावर्तित होऊनही इजा करू शकतो. दाबोळीची धावपट्टी नौदलाची असली तरी प्रवासी विमानंही तिथेच उतरतात, आणि बोगमाळोचा किनारा हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे किरण कोणत्या दिशेला कधीच जाऊ नये हे आधी पक्कं ठरवून यंत्रातच बंद करावं लागतं. लक्ष्यामागचं आकाश मोकळं असल्याची खात्री झाल्याशिवाय मारा होता कामा नये.

नागरिकांच्या हातून होणाऱ्या चुका दोन. लग्नाच्या किंवा किनाऱ्यावरच्या चित्रीकरणासाठी परवानगीविना ड्रोन उडवू नका. ड्रोन नियम 2021 प्रमाणे रेड झोनमध्ये, म्हणजे एरवी ड्रोन उडवायला मनाई असलेल्या भागात, केंद्र सरकारची परवानगी लागते. उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघा. आणि अनोळखी ड्रोनवर लेझर पॉइंटर मारू नका. 5 मिलिवॉटचा पॉइंटर 30 किलोवॉटच्या तुलनेत 60 लाख पटींनी दुबळा असतो. ड्रोनला काही होत नाही, उतरणाऱ्या वैमानिकाचे डोळे मात्र दिपतात. ड्रोन दिसला तर वेळ आणि दिशा लिहून घ्या, जमल्यास फोनवर चित्रित करा आणि 112 वर कळवा.