मीटर ब्रिजच्या तोंडी परीक्षेची तयारी

विद्यार्थिनी असताना मीटर ब्रिजच्या, म्हणजे एक मीटर लांब तारेच्या मदतीने अज्ञात रोध मोजायच्या प्रयोगाच्या, तोंडी परीक्षेत मी तिसऱ्याच प्रश्नाला अडले. तत्त्व घडाघडा म्हणून झालं होतं, सूत्रही सांगून झालं होतं. मग परीक्षकांनी जॉकीकडे, म्हणजे तारेवर हव्या त्या जागी टेकवायच्या दांडीकडे, बोट दाखवलं : "ही तारेवरून घासत का नेली नाहीस?" घासू नका असं सांगितलेलं, म्हणून मी घासली नव्हती. त्यापुढे मला काही माहीत नव्हतं. आता मी टेबलाच्या पलीकडे बसते, आणि तयारी कशी करू असं कुणी विचारलं की त्या जॉकीपासूनच सांगायला लागते.

वही मिटा. प्रयोग मनातल्या मनात पहिल्यापासून करा आणि हात जे जे करतो त्याला 'का' विचारा. जॉकी घासली की तार झिजते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. आपलं सगळं गणित तर तारेचा रोध लांबीच्या प्रमाणात आहे, यावरच उभं आहे. म्हणून टेकवायची, उचलायची, पुढे टेकवायची. कळ वाचनापुरतीच का लावायची? धारा वाहत राहिली की तार तापते आणि रोध बदलतो. तांब्याच्या पट्ट्या जाड का? त्यांचा स्वतःचा रोध नगण्य राहावा म्हणून.

नल पॉइंट, म्हणजे जॉकी टेकवल्यावर गॅल्व्हानोमीटरचा (धारा दाखवणाऱ्या उपकरणाचा) काटा शून्यावर राहतो ती जागा, तारेच्या मध्याजवळ का आणायचा, हा प्रश्न येतोच. "अचूकता वाढते" एवढ्यावर थांबू नका, आकडे मांडा. लांबी वाचताना 1 मिलिमीटरची चूक झाली असं धरा. नल पॉइंट 50 सेंटिमीटरवर असेल तर उत्तरात 0.4 टक्के फरक पडतो. तोच 10 सेंटिमीटरवर असेल तर सुमारे 1.1 टक्के. हे गणित घरी एकदा स्वतः करून बघा, मग पाठ करावं लागत नाही.

त्या रोधावरून तारेच्या पदार्थाचा विशिष्ट रोध काढला असेल तर त्याहून महत्त्वाची जागा तारेच्या व्यासात आहे, आणि तिथेच मुलं सर्वांत बेफिकीर असतात. तारेचा व्यास 0.5 मिलिमीटर, तो मोजायच्या स्क्रू गेजचं लघुतम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान अंतर, 0.01 मिलिमीटर. म्हणजे व्यासात 2 टक्के चूक होऊ शकते. सूत्रात व्यासाचा वर्ग येतो, म्हणून उत्तरात 4 टक्के. ब्रिजवर जपून मिळवलेली अचूकता इथे वाहून जाते. यासाठीच व्यास तारेवर वेगवेगळ्या ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांनी मोजायचा.

रोध आणि विशिष्ट रोध यांची गल्लत करू नका. त्याच तारेचा दुप्पट लांब तुकडा घेतला तर रोध दुप्पट होतो. तीच तार ताणून दुप्पट केली तर चौपट, कारण ती बारीकही होते. विशिष्ट रोध दोन्ही वेळा तोच, तो पदार्थाचा गुणधर्म आहे.

इतिहासाला एक ओळ पुरे : ब्रिजची मूळ मांडणी 1833 मध्ये सॅम्युअल हंटर क्रिस्टी यांनी मांडली आणि 1843 मध्ये चार्ल्स व्हीटस्टोन यांच्यामुळे ती सर्वत्र पोचली.

माहीत असलेला आणि मोजायचा अशा दोन्ही रोधांच्या जागा बदलून पुन्हा वाचन का घेतलं, हेही तयार ठेवा. टोकांच्या जोडण्यांचा रोध आणि तारेतली असमानता यांचा परिणाम सरासरीत बराच कमी होतो. स्वतःचे आकडे डोक्यात असू द्या. परीक्षक तुमच्याच वहीतल्या एखाद्या वाचनावर बोट ठेवतात.

शेवटची उजळणी मित्रासमोर, कागदावर मंडल काढत करा. त्याला एकच सांगा : मध्येच एक जोडणी खोड आणि काटा कसा वागेल ते विचार. जॉकी तारेच्या दोन टोकांना टेकवल्यावर काटा विरुद्ध बाजूंना वळायला हवा. दोन्हीकडे एकाच बाजूला वळत असेल तर कुठली तरी जोडणी सैल किंवा तुटलेली आहे, आणि ती कुठे शोधायची हे तुम्हाला त्या कागदावर दाखवता आलं पाहिजे.