ट्रायॉप्स पाळताय? माशांचे नियम विसरा आणि या चुका टाळा

पहिल्या खेपेला आमच्याकडे अकरा पिल्लं निघाली आणि चौथ्या दिवशी त्यातलं एकही उरलं नाही. पाणी पातळ ताकासारखं झालं होतं. लेकीने सकाळी चिमूटभर खाद्य टाकलं होतं, आणि ते ठाऊक नसल्याने दुपारी मीही. दोघांनी मिळून लाडाने मारली.

ट्रायॉप्स म्हणजे तीन डोळ्यांचा, पाठीवर ढालीसारखं कवच आणि मागे दोन शेपट्या असलेला, कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातला छोटा कवचधारी. त्याच्या वाळलेल्या अंड्यांच्या पाकिटावर डायनासोर छापलेला असतो. तो अगदीच थापेबाजीचा नाही, कारण याच ठेवणीचे जीवाश्म सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळतात. (आजच्या जाती मात्र तेवढ्या जुन्या नाहीत. जुना आहे तो साचा.) पण पाळणाऱ्याने डायनासोर विसरून डबकं आठवावं. हा प्राणी चार पावसांत भरणाऱ्या आणि महिन्या-दोन महिन्यांत आटणाऱ्या पाण्याचा आहे. आपण त्याला मासा समजतो, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

पाणी: नळाचं नको, तांब्याचं तर मुळीच नको

अंडी उबायला पावसाच्या पाण्यासारखं, क्षार नसलेलं पाणी लागतं. क्षार जास्त असले की अंड्याला वाटतं, डबकं आटत आलंय, आता बाहेर पडण्यात अर्थ नाही. नळाच्या पाण्यात वर क्लोरीनही असतं. सीलबंद डिस्टिल्ड वॉटर उत्तम. घरच्या आरओच्या पाण्याचं टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कमी असेल तर तेही चालतं. गॅरेजमधून सुट्या बाटलीत भरून आणलेलं बॅटरीचं पाणी नको, त्या बाटलीत आधी काय होतं देव जाणे.

उलट चूकही होते. पिल्लं मोठी झाली तरी डिस्टिल्डच चालू ठेवलं, तर कात टाकायला लागणारे क्षार त्यांना मिळत नाहीत. पाचव्या-सहाव्या दिवसापासून, दिवसभर उघडं ठेवून क्लोरीन उडालेलं नळाचं पाणी थोडं थोडं मिसळत जा.

आणि हे मी स्वतः करता करता थांबलो: तांब्याच्या कळशीतलं पाणी. आपल्याला गुणकारी असेल, कवचधाऱ्यांना तांबं विष आहे. माशांच्या बऱ्याच औषधांत आणि शेवाळ मारायच्या द्रावणांत तेच असतं, म्हणून जुन्या फिशटँकचा डबाही घासून धुतल्याशिवाय वापरू नका.

मीठ? अजिबात नको. मीठ लागतं ते आर्टेमियाला, म्हणजे ‘सी मंकी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्राण्याला. मत्स्यालयाच्या दुकानात माशांचं खाद्य म्हणून मिळणारी अंडीही त्याचीच असतात.

दोन दिवस झाले, काहीच निघालं नाही

२२ ते २८ अंश तापमान आणि भरपूर उजेड मिळाला तर पिल्लं साधारण २४ ते ४८ तासांत दिसतात. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरमध्ये ती रुसून बसतात. जुन्या माहितीत ‘टेबललॅम्प लावा’ असं लिहिलेलं असतं, ते पिवळ्या बल्बच्या काळातलं. एलईडीने उजेड मिळतो, ऊब नाही. खोलीच गार असेल तर फेब्रुवारीपर्यंत थांबा.

डबा उन्हात ठेवणं ही दुसऱ्या टोकाची चूक. उथळ पाणी तासाभरात तापतं.

काहीच न निघाल्यास पाणी मोरीत ओतू नका. सगळी अंडी एकाच ओलाव्याला उबत नाहीत. पहिला पाऊस फसवा निघाला तर वंश बुडू नये, म्हणून काही मागे राहतात. त्यांना पूर्ण वाळवून पुन्हा भिजवलं तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही उबतात. म्हणूनच पाकिटातली सगळी अंडी एकदम टाकायची नाहीत. निम्मी ठेवा.

खाणं

पहिले दोन दिवस काही नाही. अंड्यांबरोबर आलेला बारीक पाचोळा आणि त्यावर वाढणारे सूक्ष्मजीव त्यांना पुरतात. तिसऱ्या दिवशी स्पिरुलिनाची (निळ्या-हिरव्या शेवाळाची) पूड, तीही टूथपिकचं टोक ओलं करून त्याला चिकटेल तेवढीच. उरलेलं खाद्य सडतं, जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन खातात आणि पिल्लं गुदमरतात. पाणी गढूळ दिसलं तर खाणं बंद करा आणि पाव हिस्सा पाणी बदला. सगळं बदलू नका. नवं पाणी आधी डब्याशेजारी ठेवून त्याच तापमानाला येऊ द्या.

आठवडाभराने माशांच्या खाद्याचा चुरा, गाजराचा कीस, काहीही खातात. एकमेकांनाही. मी एका मोठ्या ट्रायॉप्समागे दोन लिटर पाणी धरतो, तरी वीसातले तीन-चारच राहिले तर हळहळू नका. मोटारवाला फिल्टर नको, पिल्लं ओढली जातात.

मेला की कात टाकली?

एके सकाळी लेक रडतच आली. तळाशी पांढुरकं, पारदर्शक असं काहीतरी पडलं होतं: कवच, पायांच्या झालरी, दोन्ही शेपट्या, सगळं जागच्या जागी. बोटाने हलवलं तर कागदासारखं हलकं. तेवढ्यात वाळूतून धुरळा उडाला आणि साहेब बाहेर आले, कालच्यापेक्षा मोठे आणि फिके. वाढीच्या दिवसांत कात जवळजवळ रोज पडते. कवच अजून मऊ असतं, त्या वेळी हात लावू नका.

खरी काळजी करायची ती पाठीवर उलटा होऊन सतत पृष्ठभागाशी पोहायला लागला तर. रंग गुलाबी-लालसर दिसत असेल तर आणखीच. ऑक्सिजन कमी पडला की यांच्या अंगात हिमोग्लोबिन वाढतं. डबा सावलीत घ्या, थोडं पाणी बदला, हवेचा दगड (पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) मंद सोडा.

डब्यावर जाळी हवीच. डासांच्या अळ्या हे ट्रायॉप्सचं आवडतं खाणं खरं, पण डेंग्यूच्या तपासणीला आलेल्या माणसाला ते पटवत बसू नका.

शेवट आणि पुढची खेप

महिना-दोन महिन्यांत तो मरतो. हा तुमचा दोष नाही, आयुष्यच तेवढं. एकच उरला असला तरी वाळूत अंडी असू शकतात, कारण बऱ्याच वाणांना जोडीदार लागत नाही. पाणी हळूच काढा, वाळू सावलीत वर्तमानपत्रावर पसरा, कडकडीत वाळली की निदान दोन-तीन आठवडे तशीच ठेवा. नुसती वरवर वाळलेली भिजवली तर काही उबत नाही. पावसाळ्यात हे जमत नाही, दमट हवेत बुरशी धरते.

आणखी एक: कंटाळा आला म्हणून जिवंत प्राणी किंवा वाळू ओढ्यात, सड्यावर सोडू नका. आपल्या सह्याद्रीच्या कातळावरच्या पावसाळी डबक्यांत याच गोतावळ्यातले स्थानिक कवचधारी राहतात. त्यातल्या एका फेअरी श्रिंपचं नावच स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रीएन्सिस आहे. परदेशी पाकिटातला पाहुणा त्यांच्या घरात नको.

वाळलेली वाळू कागदाच्या पुडीत बांधा आणि वर नाव-तारीख ठळक लिहा. आमची पुडी दिवाळीत रांगोळीच्या डब्यात सापडली, अर्धी संपलेली.