फटाका तोंडावर फुटला? या चुका टाळा

सुतळी बॉम्ब पेटला, पण फुटला नाही. ‘फुसका निघाला’ म्हणत वाकून बघायला जावं आणि नेमका तेव्हाच तो फुटावा. मग सगळं घर भाजलेल्या कातडीमागे धावतं. कुणी हळद आणतं, कुणी टूथपेस्ट. (टूथपेस्टचं हे खूळ कुठून आलं, देव जाणे.) भाजल्यावर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी, बस्स. बर्फही नको.

जिवावर बेततं ते वेगळ्याच गोष्टीने. रक्ताने माखलेल्या माणसाला आपण आधी उताणं झोपवतो. खालचा जबडा हनुवटीपाशी दोन्ही बाजूंनी मोडला असेल, तर जिभेला पुढे धरून ठेवणारा आधारच सुटतो. जीभ मागे पडते, वरून रक्त घशात उतरतं. शुद्धीवर असेल तर पुढे झुकवून बसवा, रक्त बाहेर गळू द्या. बेशुद्ध असेल तर मान न हिसडता कुशीवर वळवा आणि १०८ला फोन लावा. हनुवटीखालून डोक्यावर करकचून फडकं बांधू नका, मोडकं हाड आणखी मागे ढकललं जातं.

डोळ्याला लागलं असेल तर चोळू नका, दाबू नका. बुबुळ फाटल्याची शंका आली तर पाणीही न मारता वरून कागदी कप धरा.

पडलेला दात शोधा. कायमचा असेल तर मुळाला हात न लावता उचला, न घासता थंड दुधात टाका आणि तासाभराच्या आत दंतवैद्य गाठा. दुधाचा दात परत बसवत नाहीत. दात सापडलाच नाही तर तेही डॉक्टरांना सांगा. तो श्वासनळीत गेलेला असू शकतो.

‘नुसतं भाजलंय’ म्हणून घरी बसणं ही दुसऱ्या दिवशीची चूक. दात मिटून बघा. पूर्वीसारखे जुळत नसतील किंवा खालचा ओठ बधिर असेल, तर जबडा मोडल्याची दाट शंका धरा आणि सीटी स्कॅन करून घ्या. कातडीत रुतलेले दारूचे काळे कण पहिल्या एक-दोन दिवसांत भूल देऊन घासून काढावे लागतात, नाहीतर गोंदल्यासारखे कायमचे राहतात. धनुर्वाताचं इंजेक्शनही विसरू नका.

मोडलेलं हाड टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूंनी जोडतात. काहींचे वरचे-खालचे दात चार-सहा आठवडे तारेने बांधून ठेवतात, तेवढे दिवस पेज आणि कढणावर काढायचे. अशा पेशंटसोबत तार कापायची कातरी देतात. उलटी झाली तर तोंड लगेच उघडता यायला हवं, म्हणून ती कपाटात नाही, त्याच्या उशाशी ठेवा.