म्युझियम व्हॉलंटिअर म्हणून शाळेत चित्र दाखवायला जाताय? मग हे आधी वाचा

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, तुम्ही वर्गात जाताय ते पोरांना चित्र बघायला लावायला, चित्रकाराचं चरित्र सांगायला नाही. बऱ्याच व्हॉलंटिअर लोकांचा इथेच घोळ होतो, म्युझियममधलं ट्रेनिंग झालेलं असतं, सगळं तोंडपाठ असतं आणि समोर सातवी ब दिसली की जन्म, मृत्यू, शैली सगळं एका दमात ओतून मोकळे होतात. पोरं बिचारी वहीत उतरवून घेतात, कारण त्यांना वाटतं हे परीक्षेला येणार. चित्र बसतं भिंतीवर एकटंच.

परवानगीचं आधी उरकून टाका. म्युझियमच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांना एक पानी पत्र द्या, त्यात कुठली इयत्ता, किती तास, कोण येणार आणि शाळेला खर्च शून्य हे स्पष्ट लिहा. पण खरी भेट चित्रकलेच्या सरांची नाहीतर बाईंची घ्या, कारण तास त्यांचाच जाणार असतो आणि एलिमेंट्री-इंटरमीजिएटची तयारी चालू असेल तर ते वैतागणारच, त्यात त्यांचं काही चुकत नाही. घटक चाचणी आणि गॅदरिंगचे दिवस टाळा. वर्गशिक्षक पूर्ण वेळ वर्गात हवेतच, आणि पोरांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत म्हणजे नाहीत.

आता चित्र. ३५ मिनिटांच्या तासाला एकच चित्र, फार तर दोन. प्रोजेक्टरच्या भरवशावर राहू नका, अर्ध्या वर्गांना पडदे नसतात आणि दुपारी भिंतीवर नुसती सावली दिसते. मोठी प्रिंट काढा, मॅट पेपरवर, फ्लेक्सवर नको कारण ट्यूबलाइट चमकते आणि उजवीकडच्या दोन रांगांना फक्त उजेडाचा पट्टा दिसतो. मागच्या बाकांसाठी ए-फोर साइजच्या चार-पाच कॉप्या सोबत ठेवा.

सुरुवातीला मी सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र सुचवेन, ते 'ग्लो ऑफ होप' म्हणून फेमस आहे ना, तेच. कित्येक लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. हळदणकर सावंतवाडीचे, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि मॉडेल म्हणून उभी होती त्यांची स्वतःची मुलगी. पण यातलं अवाक्षर आधी बोलायचं नाही. चित्र लावा आणि एक मिनिट सगळ्यांना गप्प बघू द्या (मिनिट फार लांब वाटतं, वाटू द्या). मग विचारा, चित्रात काय चाललंय? कोणी म्हणेल लाइट गेलीय, कोणी म्हणेल ती देवघरात चाललीय. प्रत्येकाला एकच उलटा प्रश्न, तुला असं कशावरून वाटलं? की पोरगं उठून बोट दाखवतं, बघा ना तिने हात आडवा धरलाय, म्हणजे वारा असणार. मग तिसरा प्रश्न, अजून काय दिसतंय? इथे हमखास कोणीतरी बोटांवर येतं, की दिव्याचा उजेड बोटांमधून लालसर झिरपतोय. मग वर्गातली खिडकी लावा, मोबाइलचा टॉर्च लावून एखाद्याला त्यावर तळहात धरायला सांगा. बोटं तशीच लाल दिसतात आणि अख्खा वर्ग पुढे सरकतो. आता सांगा की हे वॉटरकलर आहे, म्हणजे त्यांच्या कंपासशेजारी पडलेल्या डबीतल्याच जातीचा रंग. नाव, गाव, मुलगी हे सगळं शेवटच्या पाच मिनिटांत.

हे तीन प्रश्न माझे नाहीत हां, न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममधले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउझन यांनी मिळून ही पद्धत बसवली, आणि आपल्याकडच्या साठ पोरांच्या वर्गातही ती चालते, फक्त हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही हे आधी ठरवून घ्या. उत्तराला 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायचं नाही, पोराचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि पुढे जायचं. 'व्हेरी गुड' पण नको, एकाला म्हटलं की बाकीचे तसंच उत्तर द्यायला लागतात.

आठवी-नववीला अमृता शेरगिलचं १९३५चं 'थ्री गर्ल्स' न्या. तिघी बसल्यात, एकीचीही नजर वर नाही, आणि कशाची वाट बघतायत यावर मुली जे बोलतात ते ऐकताना बाईसुद्धा खुर्ची पुढे ओढतात. लहानांना जिव्या सोमा म्हशे यांची वारली चित्रं द्या, त्यात मोजायला आणि शोधायला भरपूर असतं.

कॉपीराइटचं बघून घ्या. आपल्याकडे चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे रविवर्मा (१९०६), शेरगिल (१९४१), धुरंधर (१९४४) मोकळे, पण हळदणकर १९६८ला गेले, त्यामुळे वर्गात शिकवायला दाखवणं वेगळं आणि छापील पुस्तिका काढून वाटणं वेगळं.

जोडीने जा. एक बोलेल, दुसरा गप्प कोण बसलंय ते बघेल, पुढच्या वेळी उलट.

आणि शक्य असेल तर शेवटी मुलांना म्युझियममध्ये न्याच. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून शाळांपर्यंत जाते, साताऱ्याकडच्यांना औंधचं भवानी संग्रहालय जवळ आहे, पुण्यात केळकर म्युझियम आहेच. एका फेरीत एकच दालन, पंधरा-पंधराचे गट. सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड बुधवारी बंद असतं.