दारू नाही, जाडी नाही, तरी फॅटी लिव्हर: माझा अनुभव

वय 29, वजन 71, दारूचा थेंब नाही. ऑफिसच्या तपासणीत एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) 92 आला, म्हणजे जास्तच; सोनोग्राफीत ग्रेड 1, म्हणजे सौम्य फॅटी लिव्हर (यकृतात साठलेली चरबी). त्रास शून्य.

लिव्हर टॉनिकच्या दोन बाटल्या संपवल्या, सकाळी लिंबू-मध घेतलं. चार महिन्यांनी आकडा 88. जाम वैतागलो.

मग या क्रमाने गेलो. आधी डॉक्टरांनी हिपॅटायटिस बी, सी आणि थायरॉईड तपासून घेतलं. नंतर कंबरेला टेप लावली: 96 सेंमी. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा 90. हातपाय काटकुळे, चरबी सगळी पोटात! मग साखर मोजली: पाच कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, वर दुपारचा पॅकबंद ज्यूस (तो मी तब्येतीसाठी प्यायचो). ज्यूस त्याच दिवशी बंद, चहा दोन कप, बिनसाखरेचा. तिसऱ्या आठवड्यापासून रात्री भात अर्धी वाटी, उसळ वाटीभर, जेवण आठच्या आत. रोज 40 मिनिटं भरभर चालणं, आठवड्यातून दोनदा जोर-बैठका.

पाच महिन्यांत साडेपाच किलो उतरले, म्हणजे पावणेआठ टक्के. यकृताची सूज उतरायला 7 ते 10 टक्के वजन घटावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले होते. एसजीपीटी 34, सोनोग्राफी नॉर्मल.

चहा मात्र अजून पानचटच लागतो.